उन्हाची उसनवारी

आम्ही गिरीजच्या बाया बोलतोय. गेल्या पावसाळ्यात आमच्या बचत गटाने दोन जांभळे दिवे विकत घेतले. गटातल्या तिघींकडे आता वाडी राहिलेली नाही, त्या इमारतीत राहतात. घरातच, मातीशिवाय, पाण्यावर मेथी-कोथिंबीर पिकवायची असं ठरलं होतं. तीन आठवड्यांत मेथी दोऱ्यासारखी लांबली आणि आडवी पडली. दिव्याच्या खोक्यावर 1000 वॅट छापलेलं; वायरमनने मापून पाहिलं तर पन्नासही भरेना. पैसे गटाचे होते. म्हणून चुकलं कुठे ते शोधायला बसलो आणि शोधता शोधता बरंच मागे गेलो.

तशी उजेडाची पारख आपल्याकडे जुनीच. पानवेलीला कडक ऊन सोसत नाही, मिरची-वांग्याला सावली चालत नाही, केळीच्या दाटीत काय लावायचं आणि उघड्यावर काय, हे वाडीत सासूकडून सुनेकडे येत गेलं. 1867 साली विरारहून मुंबईला आगगाडी सुरू झाली आणि वसईचा माल शहरात नेणं सोपं झालं. भाजीचा, फुलांचा, पानांचा हिशोब लिहिला गेला. उन्हाचा कोण लिहिणार? ते फुकट होतं.

तो हिशोब मांडला युरोपातल्या लोकांनी. 1779 साली यान इंगेनहाऊझ या डॉक्टरांनी दाखवलं की हिरवं पान हवा शुद्ध करतं ते उजेडातच, अंधारात नाही. 1860 च्या सुमारास जर्मनीत साक्स आणि क्नोप यांनी नुसत्या पाण्यात क्षार विरघळवून झाडं वाढवली. 1880 मध्ये विल्यम सिमेन्स यांनी इंग्लंडमध्ये विजेच्या दिव्याखाली रात्रीही झाडं वाढवून दाखवली. उघड्या दिव्याने पानं करपली, मध्ये काच धरल्यावर सावरली. पाण्यावरच्या शेतीला हायड्रोपोनिक्स हे नाव 1937 साली अमेरिकेत गेरिक यांनी रूढ केलं. आणि 1946 च्या सुमारास आपल्याच देशात, बंगालमधल्या कालिंपोंगला, शोल्टो डग्लस यांनी साध्या माणसाला परवडेल अशी मातीविना शेतीची रीत बसवायला घेतली. तिथे दिवा नव्हता, ऊन होतं. हे आम्ही आधी वाचलं असतं तर!

आता जांभळा रंग कुठून आला? पान लाल आणि निळा उजेड सगळ्यात जास्त वापरतं. म्हणून अंतराळात भाजी पिकवण्याच्या प्रयोगांत लाल आणि निळे एलईडी जोडले गेले, आणि तोच जांभळा उजेड पुढे बाजारात आला. पण प्रखर निळा एलईडी 1990 च्या दशकात तयार झाला (त्यासाठी तिघा शास्त्रज्ञांना 2014 चं नोबेल मिळालं) आणि आजचा पांढरा एलईडी म्हणजे बहुतेक वेळा निळ्यावरच पिवळसर लेप दिलेला दिवा. त्यात निळाही असतो, लालही. शिवाय पांढऱ्या उजेडात पानावरची कीड दिसते. जांभळ्यात सगळंच काळपट.

म्हणजे खोट रंगात नव्हती. एक तर वॅट खोटे, आणि दुसरी चूक आमची: दिवे आम्ही छताला टांगले होते. भर दुपारचं ऊन लाखभर लक्स असतं, घरात ट्यूबखाली दोन-तीनशे. डोळा जुळवून घेतो म्हणून खोली आपल्याला लख्ख वाटते. पान जुळवून घेत नाही, ते उजेडाकडे धावतं आणि लांबतं.

मग आम्ही 20 वॅटच्या दोन साध्या पांढऱ्या एलईडी पट्ट्या आणल्या. रोपांपासून वीतभर ते फूटभर उंचीवर बांधल्या, रोज चौदा तास. 40 वॅट गुणिले चौदा म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटहून थोडं जास्त, महिन्याला सतरा युनिटच्या आसपास. हे गणित आधी मांडा, मग दुकानात जा. कोथिंबीर ताठ आली. टोमॅटोचा नाद मात्र केला नाही. फळाला याच्या कितीतरी पट उजेड लागतो आणि विजेचं बिल टोमॅटोपेक्षा महाग पडतं.

तिघींपैकी एकीच्या गॅलरीत दक्षिणेचं ऊन येतं असं नंतर लक्षात आलं. तिची पट्टी काढून दुसरीला दिली. जांभळे दिवे गटाच्या कपाटात आहेत; कुणी मागायला आली तर आम्ही आधी तिच्या घराच्या खिडक्या बघून येतो.