कायमच्या पट्ट्यावरचे वऱ्हाड

राज्यसत्तेला मर्यादा कशाने पडते? लेखी कराराने पडते, असे म्हणणाऱ्याने वऱ्हाडचा इतिहास वाचावा. हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. १८६० च्या तहात शिल्लक वसूल निजामाला देण्याचे कबूल झाले. पण कारभारावर खर्च किती करायचा हे इंग्रजांनीच ठरवायचे आणि हिशेब दाखवायचे बंधन त्यांच्यावर नाही, हेही त्यातच होते. सारा भरणारा कापूसवाला कुणबी तर या व्यवहारात कुठेच नव्हता. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने सालीना २५ लाख रुपयांवर प्रांताचा कायमचा पट्टा करून घेतला आणि पुढच्या वर्षी तो मध्य प्रांताला जोडला. तरीही कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हतेच. नागपूरचा कायदा अकोल्याला आपोआप लागू होत नसे, त्यासाठी वेगळा हुकूम निघे. अमरावतीच्या मतदाराने निवडलेला प्रतिनिधीही सरकारने नेमल्यावरच कौन्सिलात बसे.

यावर कोणी म्हणेल, रेल्वे आली, कापसाचे बाजार वाढले, शाळा निघाल्या. कारभार नीट असताना सत्तेचे मूळ कशाला उकरायचे? आक्षेप पोकळ नाही. निजामाच्या अमलात इजारदारांनी रयत पिळली होती, हे खरेच आहे. पण चांगला कारभार मर्जीवर चालत असेल, तर तो बिघडल्यावर दाद कुठे मागायची? वऱ्हाडचा पैसा मध्य प्रांतावर खर्च होतो, ही इथली तक्रार वर्षानुवर्षे राहिली. खुद्द निजामाला तरी दाद कुठे मिळाली? वऱ्हाड परत मागणाऱ्या निजाम उस्मान अलीला व्हाइसरॉय रीडिंगने १९२६ मध्ये बजावले की, ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे, तिच्याशी बरोबरीने वाद घालता येणार नाही. करार होता, सह्या होत्या. वाद ऐकणारा तिसरा कोणी नव्हता. जो पक्षकार तोच न्यायाधीश असला, की कागदावरची मर्यादा कागदावरच राहते. राज्यघटनेचे मोल मला इथे दिसते: सरकारविरुद्ध न्यायालयात उभे राहण्याचा हक्क तिने साध्या माणसाला दिला, आणि कायद्याच्या आधाराशिवाय कर घेण्याला मनाई केली.

१८५३, १८६० आणि १९०२ या तिन्ही करारांत वऱ्हाडच्या रयतेला कोणी विचारले नव्हते. घटना समितीत मात्र अमरावतीचे पंजाबराव देशमुख सभासद म्हणून बसले होते.