रिबेकाबाईंची अठ्ठावीस वर्षं

कोकणातले शनवार तेली ऐकलेत? शनिवारी घाणा बंद ठेवणारे, मराठी बोलणारे हे ज्यू, म्हणजे बेने इस्राएल. त्यांच्या मुलांसाठी हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदुरी शाळा.

१९२२ मध्ये तिथे मुख्याध्यापिका झाल्या रिबेका रूबेन. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या या बाई मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या होत्या. मुलांनाही मागे टाकून, बरं का! पुढे इंग्लंडला जाऊन शिक्षणशास्त्र शिकल्या. शाळा १९५० पर्यंत त्यांच्याच हाती होती. मुलांसाठी इंग्रजीची क्रमिक पुस्तकंही त्यांनी लिहिली. एवढं काम दोन-तीन वर्षांत बदली होणाऱ्याला कसं जमावं?

घाटंजीच्या शाळा समित्यांतल्या बायांनो, नवे सर येतील तेव्हा हारासोबत विचारा, किती वर्षं राहणार?