ग्रामपंचायत क्षेत्रातील बांधकाम परवानगी

ग्रामपंचायत क्षेत्रातील बांधकाम परवानगी ही महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात नवीन इमारत उभारण्यापूर्वी किंवा जुनी इमारत पाडून पुन्हा बांधण्यापूर्वी घ्यावयाची कायदेशीर मान्यता होय. नगरपालिका नसलेल्या येरमाळ्यासारख्या (तालुका कळंब, जिल्हा धाराशिव) बाजारपेठेच्या गावांना हीच पद्धत लागू होते.

कायदेशीर आधार

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ नुसार ग्रामपंचायतीच्या पूर्वपरवानगीशिवाय बांधकाम सुरू करता येत नाही. त्याशिवाय महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यांच्या तरतुदी लागू असतात. डिसेंबर २०२० पासून अंमलात आलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने मुंबईसारखे अपवाद वगळता राज्यभर बांधकामाचे नियम बहुतांशी समान केले.

गावठाण आणि गावठाणाबाहेरील जमीन

अर्ज कोणाकडे करायचा, हे जागा गावठाणात आहे की बाहेर यावर ठरते. गावठाणातील परवानगी ग्रामपंचायत देते. गावठाणाबाहेर ती जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेले महसूल अधिकारी नगररचना विभागाच्या अभिप्रायानंतर देतात. शेतजमीन असल्यास अकृषिक वापराचा प्रश्नही उद्भवतो. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनींसाठी कलम ४२-ड नुसार रूपांतरण कर व अकृषिक आकारणी भरून ही प्रक्रिया सुलभ करण्यात आली होती.

येडेश्वरी देवीच्या मंदिरामुळे आणि सोलापूर–धुळे महामार्गामुळे येरमाळ्यात रस्त्यालगतच्या जागेला मागणी असते. दुकान काढायचे तर महामार्गालगत, हा हिशेब स्वाभाविक आहे. तथापि अशा जागेवर इमारत रेषा व नियंत्रण रेषा यांचे बंधन असते आणि रस्त्याच्या मध्यापासून ठरावीक अंतर मोकळे सोडावे लागते. ग्रामपंचायतीचा दाखला मिळाला म्हणून हे बंधन संपत नाही.

अर्ज व कागदपत्रे

अर्जासोबत मालकीचा पुरावा, जागेचा व इमारतीचा नकाशा आणि परवानाधारक अभियंता किंवा वास्तुविशारद यांचे प्रमाणपत्र जोडले जाते. मालकीसाठी सातबारा उतारा, खरेदीखत किंवा मिळकत पत्रिका चालते. अनेक अर्जदार नमुना नं. ८ चा उतारा हाच मालकीचा पुरावा समजतात. प्रत्यक्षात ती घरपट्टी आकारणीची नोंद आहे. वडिलोपार्जित वाड्याचे भावांमध्ये तोंडी वाटप झाले असेल, तर ही गफलत नकाशा काढल्यावरच ध्यानात येते आणि अर्ज सहहिस्सेदारांच्या हरकतीत अडकतो. गावठाणातील जागांची ड्रोनद्वारे मोजणी करून मिळकत पत्रिका देणारी स्वामित्व योजना केंद्र शासनाने २०२० मध्ये सुरू केली.

गावठाणातील लहान बांधकामांसाठी २०२१ मध्ये पद्धत सोपी करण्यात आली. सुमारे १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर कागदपत्रे व शुल्क भरल्यावर स्वतंत्र नगररचना मंजुरी लागत नाही. १,६०० ते ३,२०० चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतीने शुल्क भरल्यावर छाननीशिवाय १० दिवसांत परवानगी द्यावयाची असते. त्याहून मोठ्या भूखंडासाठी नगररचना विभागाकडे जावे लागते. शुल्कात विकास शुल्क आणि बांधकाम कामगार कल्याण उपकर (बांधकाम खर्चाच्या १ टक्का) यांचा समावेश होतो.

भूकंपाचा संदर्भ

धाराशिव जिल्ह्यात अभियंत्याच्या सहीला कागदापलीकडचा अर्थ आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर लाकडी तुळया व मातीचा जड थर असलेली माळवदाची घरे झोपलेल्या कुटुंबांवर कोसळली. उन्हाळ्यात गारवा देणारे हेच छत त्या पहाटे घातक ठरले. भिंतीत आरपार दगड आणि छताजवळ सलग आडवा पट्टा असता, तर भिंती फुटून बाहेर कलंडण्याचे प्रमाण घटले असते. भूकंपानंतरच्या पुनर्वसनात अशा पट्ट्यांवर भर देण्यात आला, तर भारतीय मानक १३८२८ मध्ये कमी ताकदीच्या दगडी-विटांच्या बांधकामासाठी सूचना आहेत. जुन्या माळवदावर सिमेंटचा स्लॅब टाकण्याची किंवा दगडी भिंतींवर मजला चढवण्याची दुरुस्ती मात्र अनेकदा परवानगीशिवायच होते. भिंतीवरील भार वाढत असल्याने तिची तपासणी नव्या घराइतकीच आवश्यक असते.