सुपारी, फड आणि विठाबाई : घोड-मीनेच्या खोऱ्यातील तमाशा

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील आंबेगाव आणि जुन्नर या तालुक्यांचा इतिहास किल्ले, लेणी आणि देवस्थाने यांच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला आहे. परंतु याच मुलखाने तमाशा या लोकनाट्याला पिढ्यान्‌पिढ्या जो आश्रय दिला, तो कोणत्या अटींवर दिला आणि त्या अटींची किंमत कोणी चुकती केली, याचा विचार त्या मानाने फार थोडा झाला आहे. मीनेकाठचे नारायणगाव हे तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते, आणि निरगुडसर, अवसरी, पारगाव, मंचर यांसारखी घोड नदीच्या खोऱ्यातील गावे ही त्या पंढरीच्या मुख्य यजमानांपैकी होत. या व्यवसायातील सर्वांत मोठे नाव असलेल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे आयुष्य एका दुर्दैवी कलावतीची करुण कथा म्हणून सांगण्याचा प्रघात आहे, मात्र ते या यजमानीच्या व्यवहारापासून वेगळे काढले की त्याचा अर्थच लागत नाही.

चैत्र पाडव्यापासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत या भागात गावोगावच्या यात्रा भरतात आणि त्यांचा क्रम सर्वत्र बहुतांशी सारखा असतो. सकाळी ग्रामदैवताचा अभिषेक, मांडव-डहाळे आणि शेरणीवाटप. दिवसा घाटात, म्हणजे शर्यतीसाठी राखलेल्या चढाच्या धावपट्टीवर, बैलगाड्यांच्या शर्यती. रात्री छबिना, म्हणजे वाजतगाजत निघणारी देवाची पालखी, आणि त्यानंतर तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फडाची, म्हणजे तमाशा मंडळाची, हजेरी होते आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा भरतो. हजेरी हा दिवसाउजेडी होणारा, वग वगळून मुख्यतः गाण्यांचा कार्यक्रम असून, रात्रभर उभ्या राहिलेल्या कलावंतांना त्यासाठी पुन्हा चाळ बांधावे लागतात. बाहेरच्या वाचकाला हा तपशील किरकोळ वाटेल, परंतु एका रात्रीच्या मोबदल्यात गाव फडाकडून किती काम घेते हे त्यातून नेमके कळते.

तमाशाचे गण, गवळण, बतावणी, लावणी आणि वग हे घटक ठरलेले आहेत. गणात गणपतीला वंदन असते. गवळणीत मथुरेच्या वाटेवर कृष्ण आणि पेंद्या गवळणींना अडवतात आणि त्यांच्याबरोबरची मावशी हशा पिकवते. बतावणी म्हणजे सोंगाड्याचा हजरजबाबी संवाद, आणि वग म्हणजे उत्तररात्री रंगणारे कथानाट्य. साथीला ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज असते, आणि मागे उभे असलेले झीलकरी मुख्य गायकाचे पद वरच्या पट्टीत उचलून धरतात. पेशवाईच्या उत्तरकाळात राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा आणि प्रभाकर या शाहिरांनी या गायनाला काव्याची प्रतिष्ठा दिली. पुढे पठ्ठे बापूरावांनी (१८६६-१९४५) ढोलकीच्या फडाला शब्दांची अपार संपत्ती दिली आणि त्यांच्याबरोबर उभी राहिलेली, शेजारच्या संगमनेर तालुक्यातील पवळा ही तमाशाच्या फडात आलेल्या पहिल्या स्त्री कलावंतांपैकी एक ठरली. तोपर्यंत स्त्रीची भूमिका नाच्या पोऱ्या, म्हणजे स्त्रीवेष घेतलेला मुलगा, करीत असे.

या परंपरेचा सामाजिक पाया गावगाड्यातील जातिव्यवस्थेत आहे. हलगी, डफडे आणि सनई वाजवणे हे गावाने मांग समाजावर टाकलेले काम होते आणि त्याचा मोबदला धान्याच्या रूपाने, तोही गावाच्या मर्जीने, मिळत असे. त्याच वाद्यांवर आणि त्याच गळ्यांवर फड उभे राहिले, तेव्हा बलुत्याची, म्हणजे या धान्यरूपी मोबदल्याची, जागा सुपारीने घेतली, म्हणजे ठरलेल्या तारखेला ठरलेल्या रकमेत खेळ करण्याच्या कराराने. ही प्रगती खरी होती, पण गाव देणार आणि फड घेणार हे नाते मात्र तसेच राहिले. शिरूर तालुक्यातील कवठे यमाई येथून आलेल्या खुडे घराण्याने असा फड उभारला. नारायण खुडे यांनी सुरू केलेला हा फड पुढे ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने गाजला. आडनाव गळून गेले आणि फलकावर जात व गाव ही दोनच विशेषणे उरली. या भाऊंच्या मुलीने, म्हणजे विठाबाईंनी, प्रसिद्धीच्या शिखरावरही ‘भाऊ मांग’ हे शब्द आपल्या नावातून काढले नाहीत, ही गोष्ट तिला मिळालेल्या कोणत्याही पदकाइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे.

विठाबाईंचा जन्म १९३५ च्या जुलैमध्ये पंढरपूर येथे झाला आणि विठ्ठलाच्या नावावरून तिचे नाव ठेवले गेले. शाळेत तिचे मन फारसे रमले नाही. लावणी, गवळण आणि भेदिक (अध्यात्मातील कूटप्रश्न विचारणारी आणि सोडवणारी सवाल-जवाबाची गाणी) हे तिला घरातच ऐकून पाठ झाले, आणि कोणत्याही रीतसर तालमीशिवाय लहान वयातच ती बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या रंगमंचावर, उभी राहिली. ध्वनिक्षेपक जिथे नीट पोहोचत नसे अशा माळावर, कनातीच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या माणसापर्यंत ढोलकीवर मात करून शब्द पोहोचवणे ही या गायनाची पहिली कसोटी असते. गाणे, नृत्य, अदाकारी आणि वगातील अभिनय या चारही अंगांत तिने ती पार केली. तिचे थोरपण केवळ नाचात पाहणे हा तिच्यावर अन्याय आहे, कारण फडाची मालकी, कलावंतांची जमवाजमव आणि गावांशी व्यवहार हेही तिने केले आहे. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींकडून तिचा गौरव झाला, आणि १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात तिने जवानांसमोर खेळ केले.

तिच्याविषयी सर्वांत जास्त सांगितला जाणारा प्रसंग म्हणजे दिवस भरलेले असताना एका खेळातच तिला कळा सुरू झाल्या, ती पडद्यामागे गेली, बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आली. प्रेक्षकांना खरा प्रकार कळला तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवला. हा प्रसंग कलेवरील निष्ठेचा दाखला म्हणून गौरवाने सांगितला जातो, आणि तशी निष्ठा तिच्या ठायी होती यात शंका नाही. परंतु श्रमाच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहिले, तर सुपारी घेतलेला फड मुख्य कलावतीविना उभा राहू शकत नाही, खेळ मोडला तर रक्कम बुडते, गावाचा रोष पत्करावा लागतो आणि पन्नास-साठ माणसांच्या चुली त्या एका रात्रीवर अवलंबून असतात, ही वस्तुस्थिती त्या गौरवाच्या आड झाकली जाते. बाळंतपणाची रजा हा शब्दच ज्या धंद्यात नव्हता, त्या धंद्याचे हे चित्र आहे.

फडाचे अर्थकारण समजून घेतल्याखेरीज तिच्या उत्तरायुष्याचा उलगडा होत नाही. फड दसऱ्याला बाहेर पडतो आणि यात्रांचा हंगाम संपला की बसतो. पावसाळ्याचे महिने कमाईविना काढावे लागतात. त्या काळात कलावंतांना पुढील हंगामासाठी बांधून ठेवण्याकरिता फडमालक उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि ती देण्यासाठी स्वतः सावकाराकडून कर्ज काढतो. ते कर्ज फेडण्याचा दिवस चैत्रात येतो. त्यासाठी नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात: ओळीने उभारलेले तंबू, प्रत्येकावर फडाच्या नावाचा फलक, आत व्यवस्थापक आणि त्याच्यासमोर तिथीवार तारखांची वही. गावाचे पंच लोकवर्गणीचा अंदाज खिशात घेऊन एका राहुटीतून दुसरीत जातात. पाडवा, हनुमान जयंती आणि कालाष्टमी या तिथींना अनेक गावांच्या यात्रा एकत्र येत असल्याने त्या दिवसांचा भाव चढतो, आणि मधल्या रिकाम्या तारखा पडेल त्या रकमेत द्याव्या लागतात. इसार, म्हणजे बयाणा, घेतला की करार पक्का होतो. अवकाळी पाऊस, दुष्काळ किंवा निवडणूक आली की ही सगळी बेरीज चुकते, आणि चूक फडमालकाच्या खात्यावर पडते.

पुढे चित्रपटातील गाणी, ऑर्केस्ट्रा, व्हिडिओ आणि दूरचित्रवाणी यांनी फडाचा प्रेक्षक तोडला, ट्रक आणि जनरेटर यांनी खर्च वाढवला, आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंदी आल्यावर उत्तररात्रीचा वगच अनेक ठिकाणी अशक्य झाला. यातील काही विठाबाईंच्या पश्चात घडले असले, तरी घसरणीचा आरंभ तिने भोगला. वय झाले, अंगात आजार शिरला आणि जवळ शिल्लक काही नव्हती. ज्या लोकांबरोबर आणि ज्यांच्यासाठी तिने काम केले त्यांच्याकडून पुरेसा आधार आला नाही. १५ जानेवारी २००२ रोजी तिचे निधन झाले, आणि रुग्णालयाचे देणे देणगीदारांच्या पैशातून भागवावे लागले. अशी उपेक्षा केवळ इथलीच नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज या दुःखगायनाची सम्राज्ञी म्हटली गेलेली बेसी स्मिथ १९३७ मध्ये मोटार अपघातात वारली, आणि तिच्या कबरीवर नावाचा दगड बसायला १९७० साल उजाडले. दोन्ही ठिकाणी ज्या समाजाने गाणाऱ्याला जन्मतःच खालची पायरी दिली, त्याने तिचे गाणे मात्र मनसोक्त ऐकले.

महाराष्ट्र शासनाने २००६ पासून विठाबाईंच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तमाशा कलावती कांताबाई सातारकर आणि विठाबाईंची कन्या मंगला बनसोडे यांच्याबरोबर, निरगुडसरच्या शेजारच्या अवसरीचे सोंगाडे वसंत अवसरीकर यांनाही तो मिळाला आहे. पुरस्कार योग्यच आहे. परंतु तो वर्षाला एका वृद्ध कलावंतापर्यंत पोहोचतो, आणि पावसाळ्यातील उचलीचे कर्ज प्रत्येक फडाला दरवर्षी काढावे लागते. विठाबाईंचा जीव ज्या ठिकाणी अडकला ते ठिकाण म्हणजे हे कर्जच होते, म्हणून तिचे स्मारक करायचे तर ते बिनव्याजी हंगामी भांडवल आणि कलावंतांचा आरोग्यविमा या स्वरूपात व्हायला हवे.

या इतिहासाची साधने अजून पूर्णपणे नाहीशी झालेली नाहीत. कोणत्या सालच्या यात्रेला कोणता फड आला, सुपारी किती ठरली, इसार किती दिला आणि हजेरीनंतर हातावर किती ठेवले, याच्या नोंदी गावकीच्या जमाखर्चाच्या वह्यांत असतात, आणि जुनी हँडबिले देवळाच्या कपाटांत किंवा घराघरांतील ट्रंकांत सापडतात. निरगुडसरपासून नारायणगावपर्यंतच्या गावांनी आणि यात्रा समित्यांनी आपापल्या वह्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहाव्यात, आणि त्यांत विठाबाईंच्या फडाचे नाव आढळले तर ती वही जपून ठेवावी.