रोमिंगची सीमा

मोबाइल खिशात घालून राज्याबाहेर जाताना आता कुणी दोनदा विचार करत नाही. पण काही वर्षांपूर्वीपर्यंत आम्हा गोवेकरांना दोन सीमा सांभाळाव्या लागत, एक राज्याची आणि दुसरी रोमिंगची. गंमत म्हणजे या दोन्ही एकमेकींशी जुळत नव्हत्या.

मोबाइल सेवेचे परवाने देताना सरकारने देशाची सर्कल पाडली. मुंबई वेगळी, आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून एक सर्कल. १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने विलीनीकरण नाकारले, १९८७ साली गोवा घटक राज्य झाले. मोबाइलच्या नकाशात मात्र आम्ही महाराष्ट्राबरोबरच! त्यामुळे पणजीचे सिमकार्ड सावंतवाडीत, कोल्हापुरात, अगदी नागपुरातही घरचेच. पण पोळ्याचा नाका ओलांडून कारवारला किंवा चोर्ला घाटातून बेळगावला गेले, की कर्नाटक सर्कल आणि रोमिंग सुरू.

आपल्या कंपनीचे जाळे तिथे नसेल तर फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरला जोडला जाई. 'हे गिऱ्हाईक तुमचेच ना?' अशी चौकशी ती मूळ कंपनीकडे करी आणि मगच सेवा देई. आपल्याला येणारा फोन आधी मूळ सर्कलमध्ये जाई, तिथून पुढे पाठवला जाई. या पुढच्या प्रवासाचे भाडे फोन घेणाऱ्याच्या माथी! एरवीचे इनकमिंग मे २००३ पासून फुकट झाले, रोमिंगमधले नाही. ट्रायने त्यावर २००७ साली मिनिटाला १ रुपया ७५ पैशांची कमाल मर्यादा घातली, २०१३ साली ती ७५ पैसे आणि २०१५ साली ४५ पैसे झाली.

याची झळ लागे ती सीमेपलीकडे सोयरीक असलेल्या घरांना. माझ्या आत्याचे सासर कारवारचे. जत्रेला ती आमच्याकडे आली की मोबाइल वाजला तरी उचलत नसे. नंबर बघायचा आणि आमच्या लँडलाइनवरून उलट फोन करायचा. सीमेलगतच्या गावांत तर आणखी पंचाईत. टॉवरच्या लहरी नाका थोड्याच मानतात? गोव्यात घरी बसूनही फोन कधी कर्नाटकचा टॉवर पकडी.

मोफत रोमिंगचे उद्दिष्ट २०१२ च्या दूरसंचार धोरणात होते. पण सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली, तिने देशांतर्गत रोमिंगचे पैसे घेतले नाहीत, तेव्हा २०१७ मध्ये इतर मोठ्या कंपन्यांनाही ते सोडावे लागले.

बेळगाव-कारवारसाठी महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. राज्याची रेषा आहे तिथेच राहिली. रोमिंगची रेषा मात्र बाजारातल्या चढाओढीने वर्षभरात पुसून टाकली. आत्या आता जत्रेला आली की मोबाइल कानाला लावूनच बसते.