फिरत्या ताटलीची मर्यादा

मायक्रोवेव्ह ओव्हन अन्न सगळीकडे सारखे का तापवत नाही, याचे कारण त्याच्या रचनेतच आहे. 1945 मध्ये अमेरिकेतील रेथिऑन कंपनीचे पर्सी स्पेन्सर यांनी रडारचा मॅग्नेट्रॉन, म्हणजे सूक्ष्मलहरी निर्माण करणारी नळी, स्वयंपाकाला जुंपला. पण धातूच्या बंद पेटीत लहरी भिंतींवरून परततात आणि एकमेकींत मिसळतात. कुठे त्यांचा जोर वाढतो, कुठे तो जवळजवळ उरतच नाही. ओव्हनच्या 2450 मेगाहर्ट्झ या वारंवारतेला लहरीची लांबी सुमारे 12 सेंटिमीटर असते, त्यामुळे चटका देणाऱ्या आणि गार जागा अगदी शेजारी-शेजारी येतात. एक उपाय म्हणजे धातूच्या पंख्याने लहरी विस्कटणे. दुसरा जपानच्या शार्प कंपनीने 1966 मध्ये आणला: फिरती ताटली. मला हाच अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण लहरींशी न झगडता तो अन्नालाच जागा बदलायला लावतो.

तरीही भात मध्ये गार राहतोच, मग सुधारणा कसली, असे कोणी म्हणेल. तक्रार खरी आहे, पण दोष एकट्या पेटीचा नाही. ताटलीच्या मध्यावरचा घास जागचा हलत नाही, आणि लहरीही अन्नात काही सेंटिमीटरच शिरतात. गोठलेल्या अन्नाची अडचण तर त्याहून मोठी: बर्फ लहरी फार कमी शोषतो, पाणी भरपूर. म्हणजे जो भाग आधी वितळतो तोच आणखी तापत जातो. म्हणूनच डीफ्रॉस्टमध्ये ओव्हन थांबत थांबत चालतो आणि मधल्या वेळात उष्णता आत झिरपते. पुढे मॅग्नेट्रॉनची वीज सलग कमी-जास्त करणाऱ्या इन्व्हर्टरमुळे मंद पण अखंड आच देता येऊ लागली. भांडे मध्यापासून थोडे सरकवून ठेवणे आणि अर्ध्यावर ढवळणे मात्र अजून माणसाकडेच आहे.