मेरँग कोणी फेटलं?

लेमन पायवर जो पांढराशुभ्र, टोकांना बदामी झालेला ढग बसलेला असतो, तो मेरँग. अंड्याचा पांढरा बलक, साखर आणि हवा, बस्स! याच्या जन्माची एक गोष्ट नेटवर हमखास सापडते. गास्पारिनी नावाच्या इटालियन हलवायाने १७२० च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या मायरिंगेन गावात हा पदार्थ शोधला, म्हणून त्याला गावाचं नाव. (तेच गाव, ज्याच्या जवळच्या धबधब्यावर शेरलॉक होम्स आणि मोरियार्टीची झटापट झाली.) गोष्ट छान आहे, पण तारखा जुळत नाहीत. फ्रान्स्वा मासियालो या फ्रेंच आचाऱ्याच्या पुस्तकात 'मेरँग' हा शब्द १६९२ मध्येच छापून आलाय. आणि इंग्लंडमधल्या एलिनॉर फेटिप्लेस बाईंच्या १६०४ च्या हस्तलिखित वहीत जवळजवळ हाच पदार्थ वेगळ्या नावाने आहे, फक्त मूठभर मैदा जास्त.

असो. मला 'कोणी शोधलं' पेक्षा दुसराच प्रश्न जास्त छळतो: हे फेटलं कोणी?

कारण तेव्हा मिक्सर सोडाच, साधा फिरकीचा एगबीटरही नव्हता. हॅना ग्लासच्या १७४७ च्या पुस्तकात पाउंड केकचं मिश्रण हाताने किंवा मोठ्या लाकडी चमच्याने तासभर फेटा, असं बिनदिक्कत लिहिलंय. तासभर! बाईंनी पुस्तक लिहिलं तेच मुळी घरातल्या नोकरमंडळींना शिकवायला, त्यामुळे तो तास कोणाचा हे वेगळं सांगायला नको.

पायवरच्या मेरँगचं श्रेय बऱ्याचदा फिलाडेल्फियाच्या एलिझाबेथ गुडफेलोला देतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती पेस्ट्रीचं दुकान आणि पाककलेचे वर्ग चालवायची. तिच्या लेमन पुडिंगात भरपूर पिवळे बलक जायचे. मग उरलेल्या पांढऱ्याचं काय करायचं? फेटून डोक्यावर बसवा! खरंखोटं काहीही असो, हिशोब मला पटतो. आपल्या आज्यांनीही हेच केलं असतं. गुडफेलोबाईंनी स्वतः पुस्तक लिहिलं नाही. त्यांची विद्यार्थिनी एलायझा लेस्लीने १८२८ मध्ये लिहिलं. अंडी फेटताना कोपर अंगाशी धरा, फक्त मनगट हलवा, अशी तिची सूचना आहे. हात भरून येणाऱ्या माणसालाच असलं सुचतं.

मग १८७० च्या आसपास अमेरिकेत दाते असलेल्या चाकाचा 'डोव्हर' एगबीटर आला. एका दांड्यावर दोन फिरक्या, उलटसुलट फिरणाऱ्या. तो इतका चालला की पुढे पाककृतींमध्ये थेट 'डोव्हरने फेटा' असंच लिहायला लागले. आपण झेरॉक्स म्हणतो तसं :)

हाताचा प्रश्न सुटला, दिसण्याचा राहिला. मेरँगचे दोन बग आहेत आणि ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. तळाचा भाग कच्चा राहिला की सारण आणि मेरँगच्या मध्ये पाणी सुटतं. वरचा भाग जास्त भाजला की प्रथिनं आकसून त्यांतलं पाणी पिळून निघतं आणि मधासारखे थेंब जमतात. ओव्हन कमीजास्त करून एक सुटला तर दुसरा उपटतो. उपाय ओव्हनच्या बाहेर आहे: सारण वाफाळतं असतानाच त्यावर मेरँग घालायचं, म्हणजे ते खालूनही शिजतं. शिवाय थोडं कॉर्नफ्लोअर पाण्यात शिजवून, त्याची खळ गार करून, फेटताना घातली की ते पाणी धरून ठेवते.

आणि पसरताना मधूनच सुरुवात करायची नाही. आधी कडेने, पारीला नीट चिकटवून, मग मधे. नाहीतर गार होताना सगळा ढग आकसून कडेपासून सुटतो. चिकटलं की चमच्याच्या पाठीने टोकं ओढायची. ओव्हनमध्ये आधी तीच बदामी होतात.